तेराशे तेरा

मागच्या डिसेंबरात मी मुलीकडे पर्थला होते. स्कॉटलंडच्या हिवाळ्यात घरात बसून राहिले की दिवस कधी उगवला आणि कधी मावळला याचा पत्ताच लागत नाही, म्हणून एका सकाळी नातवाला शाळेत सोडून मी एकटीच क्रीफची बस पकडली. क्रीफ उतारावर वसलेले गाव आहे. मधला चौक सोडला की रस्ते एकतर चढतात नाहीतर उतरतात, आणि दगडी घरांच्या धुराड्यांवरून उत्तरेकडच्या डोंगरांच्या कडा दिसत राहतात. गुडघ्यांनी चढ नको म्हटले तेव्हा केवळ ऊब मिळावी म्हणून मी एका चॅरिटी शॉपमध्ये शिरले. तिथे कोपऱ्यातल्या खोक्यात, बागकामाच्या पुस्तकांखाली, पेंग्विनचे एक जुने लाल पुस्तक सापडले. नाव ‘सर्चलाइट ऑन स्पेन’, लेखिका डचेस ऑफ अथोल, साल १९३८. तेव्हाची किंमत सहा पेनी, आताची एक पौंड. कण्याचा लाल रंग उन्हाने विटून कुंकवाच्या जुन्या डबीच्या आतल्या कडेसारखा झाला होता, आणि पाने चाळली की बँकेच्या तळघरातल्या लेजरांना येतो तसा, धूळ आणि खळ यांचा मिळून एक वास येत होता. शेवटच्या कोऱ्या पानावर, अगदी खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला होता: १३१३. दोन्ही तिनांचे माथे सपाट होते, वर आडवी रेघ ओढून मग खाली पोट काढलेले, जुन्या काळी शाळेत गिरवून घेत तसे. आकड्याखाली दोन रेघा. बाकी नाव नाही, तारीख नाही, काही नाही.

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली आहेत. ज्याने त्या काळात हाताने लेजर लिहिले त्याला ठाऊक आहे, की संध्याकाळी बेरीज जुळली नाही आणि काही रुपयांचा डिफरन्स राहिला की तो आकडा माणसाबरोबर घरी येतो. जेवताना येतो, अंथरुणात येतो, आणि कधी कधी पहाटे चार वाजता आपण कुठे चुकलो ते सांगूनही जातो. या १३१३चे तसेच झाले. परतीच्या बसमध्ये साडेतीनलाच बाहेर अंधार धरला होता, काचेवर माझाच चेहरा दिसत होता, आणि मी तो आकडा उलटसुलट फिरवून पाहत होते. टेलिफोनचा क्रमांक असेल का? पण मग खाली रेघा कशाला? कुठल्या शिपायाचा बिल्ला, कुठल्या लॉटरीचे तिकीट? मुलीला दाखवले तर ती म्हणाली, “आई, कुणीतरी वाणसामानाचा हिशेब केला असेल.” पण हिशेब करणारा माणूस बेरजेच्या वरच्या रकमाही लिहितो. इथे वर काहीच नव्हते. ज्याने लिहिले त्याला फक्त उत्तर ठेवायचे होते.

चार-पाच दिवसांनी पुस्तकाच्या लेखिकेविषयी, या डचेसबाईंविषयी वाचत असताना एका पोटनिवडणुकीचा निकाल समोर आला आणि माझा हात सवयीने कागदाकडे गेला. किन्रॉस आणि वेस्ट पर्थशायर, मतदान २१ डिसेंबर १९३८. युनियनिस्ट पक्षाचे विल्यम मॅकनेअर स्नॅडन, ११,८०८. अपक्ष डचेस ऑफ अथोल, १०,४९५. मी वजाबाकी मांडली.

तेराशे तेरा.

योगायोग असू शकेल, हे मला कळते. पण त्याच भागातल्या एका गावात, त्याच बाईंच्या पुस्तकात, त्याच वर्षीच्या छापील प्रतीत हा आकडा दोन रेघा मारून कुणी लिहिला असेल, तर तो त्या निकालाचाच असणार असे मी मनाशी धरून चालले आहे. ज्याने लिहिला त्याला हसू येत होते की रडू, एवढेच मला कळायचे होते, आणि त्यापायी माझा उरलेला सगळा मुक्काम त्या एका निवडणुकीत गेला. नातू मला “निवडणूकवाली आजी” म्हणू लागला.

या बाई म्हणजे कॅथरीन स्ट्युअर्ट-मरे. त्यांच्याविषयी एका ओळीत काही सांगायला जावे तर पुढची ओळ ते खोडून काढते. संगीताचे शिक्षण लंडनच्या रॉयल कॉलेजात, तरुणपणी गाण्यांना चाली लावण्याचा नाद, आणि लग्न ब्लेअर कॅसलसारखा पांढरा किल्ला नि स्वतःची खासगी फौज असलेल्या घराण्यात. पहिल्या महायुद्धाआधी त्या स्त्रियांना मत देण्याच्या विरोधात व्यासपीठांवरून बोलत असत. आणि १९२३ साली स्कॉटलंडमधून निवडून आलेली पहिली स्त्री कोण, तर याच! तीही अवघ्या दीडशे मतांनी. पुढे शिक्षण खात्यात उपमंत्री झाल्या. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातून मंत्रिमंडळाच्या कामात आलेली ही पहिलीच बाई. (स्कॉटलंडात त्या पक्षाला तेव्हा युनियनिस्ट म्हणत.) कर्मठ, अभ्यासू, तपशिलाला चिकट. जे वाचायचे ते मुळातून, असा खाक्या. हिटलरच्या ‘माइन काम्फ’चे जे इंग्रजी भाषांतर बाजारात होते त्यात चढाईची भाषा गाळून टाकली आहे, हे मूळ जर्मन प्रत वाचल्यावर त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी ते गाळलेले उतारे भाषांतरित करवून चर्चिलपर्यंत पोहोचवले. हे वाचले तेव्हा मला आमच्या शाखेत येणाऱ्या एका तपासनीस बाई आठवल्या. त्या गोषवारा कधीच वाचत नसत, थेट व्हाउचरच्या गठ्ठ्याची दोरी सोडत. सगळे त्यांना वैतागत आणि त्या नेमके तेच व्हाउचर काढत.

१९३७च्या एप्रिलमध्ये त्या आणखी काही स्त्रियांबरोबर यादवीत होरपळणाऱ्या स्पेनला गेल्या. एलनॉर रॅथबोन आणि लेबर पक्षाच्या एलन विल्किन्सन या दोन खासदार त्यांच्याबरोबर होत्या. तोफांचा मारा चालू असलेले माद्रिद त्यांनी पाहिले. परत आल्यावर निर्वासितांसाठीच्या समितीचे अध्यक्षपद घेतले, आणि मे महिन्यात बास्क प्रांतातली जवळजवळ चार हजार मुले ‘हबाना’ जहाजातून साउथॅम्प्टनला उतरली त्या खटपटीत त्या पुढे होत्या. मग हे पुस्तक आले आणि लाखांच्या घरात खपले. स्पेनच्या लोकनियुक्त सरकारला शस्त्रे विकायची नाहीत आणि दुसऱ्या बाजूला जर्मनी-इटलीची विमाने येतात तिकडे डोळेझाक करायची, याला तटस्थपणा म्हणत नाहीत, हे त्यांचे म्हणणे पानोपानी आहे. भाषा कोरडी आहे. आकडे, तारखा, कोण कधी काय बोलले याच्या नोंदी. मला ती आवडली. पण पर्थशायरच्या जमीनदारांना आपली डचेस लाल झाली असे वाटू लागले आणि ‘लाल डचेस’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. साम्यवादाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. उलट रशियातल्या सक्तीच्या मजुरीवर त्यांनी काही वर्षांपूर्वीच टीकेची झोड उठवली होती. पण टोपणनाव एकदा रुळले की पुरावा कोण मागतो?

१९३८च्या एप्रिलमध्ये इटलीशी झालेल्या कराराच्या निषेधार्थ त्यांनी पक्षाचा व्हिप झुगारला. सप्टेंबरात म्युनिक झाले, म्हणजे युद्ध टाळण्यासाठी पंतप्रधान चेंबरलेनने तिथल्या करारात चेकोस्लोव्हाकियाचा एक भाग हिटलरला देऊन टाकला. नोव्हेंबरात मतदारसंघातल्या पक्षसंघटनेने ठरवले की पुढच्या वेळी दुसरा उमेदवार बघायचा, म्हणजे आपल्या भाषेत तिकीट कापले. इथे बाई गप्प राहून मुदत संपेपर्यंत खासदार राहू शकल्या असत्या. पुढची सार्वत्रिक निवडणूक १९४० पर्यंत लांबवता येणार होती, आणि प्रत्यक्षात ती १९४५ पर्यंत झालीच नाही. पण त्यांनी राजीनामा दिला आणि चेंबरलेनच्या परराष्ट्र धोरणाच्या एकाच प्रश्नावर अपक्ष म्हणून लोकांचा कौल मागितला. लेबरने उमेदवार दिला नाही. लिबरल पक्षाच्या उमेदवार बाईंनी माघार घेतली. लढत सरळ झाली: एक डचेस आणि एक शेतकरी. त्या शरदातल्या पोटनिवडणुकांत ऑक्सफर्डला म्युनिकविरोधी उमेदवार हरला होता आणि ब्रिजवॉटरला जिंकला होता, त्यामुळे सगळ्या देशाची वर्तमानपत्रे आता या डोंगराळ, मेंढ्यांच्या मुलखाकडे डोळे लावून बसली.

स्नॅडन यांच्याविषयी इतिहासकार दोन वाक्यांत बोलून पुढे जातात, ते मला पटत नाही. ते शेती करत, उत्तम जातीची शॉर्टहॉर्न गुरे पाळत, माणसांना नावाने ओळखत. मतदारसंघात असा उमेदवार उभा राहिला की त्याला भाषण यावे लागत नाही. बाजाराच्या दिवशी गुरांच्या कुंपणाला टेकून तो शेजाऱ्याला “कसे काय” म्हणाला की निम्मा प्रचार होतो. डचेसबाई मात्र थंडगार सभागृहांत उभ्या राहून स्पेन, चेकोस्लोव्हाकिया आणि राष्ट्रसंघ समजावून सांगत होत्या. त्यांचे मुद्दे खरे होते, पण किती लांब होते! पक्षाने बाहेरून खासदारांची फौज आणली. बाईंच्या बाजूने मोठे नाव म्हणजे चर्चिल. त्यांनी पत्र लिहून पाठिंबा दिला, पण प्रचाराला ते आले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघातही तेव्हा कुरबुर चालू होती. पत्र पाठवणे आणि बर्फातून येऊन व्यासपीठावर शेजारी उभे राहणे यांत किती अंतर आहे, हे सांगायला राजकारण कळावे लागत नाही. घरच्या लग्नाकार्यात ते सगळ्यांनी पाहिलेले असते.

आणि मतदानाचा दिवस कुठला, तर २१ डिसेंबर, वर्षातला सगळ्यांत लहान.

त्या दिवशी बर्फ पडत होते. मी पर्थशायरचे बर्फ पाहिले आहे, म्हणून मला हे वाक्य नुसते वाचून पुढे जाता येत नाही. सकाळी पावणेनऊ वाजता सूर्य उगवतो तोही जेमतेम, कंदिलाची वात खाली केल्यासारखा, आणि साडेतीनला तो गेलेला असतो. बर्फ आधी सुंदर दिसते. मग त्यावरून चार माणसे चालली की ते दाबले जाते, रात्रीत काच होते, आणि माझ्यासारखी बाई फाटकापासून पेटीपर्यंतच्या वीस पावलांत तीनदा कुंपण धरते. मुलीच्या घरासमोर नगरपालिकेचे लोक खडे मीठ टाकून जातात, बुटांखाली ते करकरते, तरी माझे पाऊल नीट पडत नाही. १९३८ साली ग्लेनच्या, म्हणजे डोंगरदरीच्या, टोकाला राहणाऱ्या मेंढपाळाच्या बायकोला, धाकटे मूल कडेवर आणि गाय धारेला आलेली असताना, मतदानासाठी शाळेपर्यंत जायचे म्हणजे मैलोन् मैल चालायचे. ज्यांच्याकडे मोटारी होत्या ते बहुतेक दुसऱ्या बाजूचे होते, आणि मोटार आपल्या मतदारासाठी थांबते. तरीही तिघांपैकी दोघांनी मत दिले. मी हिशेब करून पाहिला: स्नॅडन यांच्या बाजूची ६५७ मते इकडे वळली असती तर निकाल फिरला असता. साडेसहाशे माणसे म्हणजे क्रीफच्या चौकातली बाजाराच्या दिवसाची गर्दीसुद्धा नव्हे. बाईंचे चाहते आजही बर्फाला दोष देतात, आणि बरेच दिवस मीही दिला.

पण मग एका रविवारी जावयाने गाडीने अॅबरफेल्डीला नेले. टे नदीवर जनरल वेडने १७३३ साली बांधलेला दगडी पूल आहे, आणि त्याच्या शेजारी ब्लॅक वॉच पलटणीचे स्मारक, वर किल्ट घातलेला शिपाई. ते पाहून परतताना वाटेत आम्ही चहासाठी एका खेड्यात थांबलो. गाव कसले, दोन रस्ते, एक चर्च आणि एक बंद पडलेले दुकान. तरीही युद्धस्मारक होतेच. राखी ग्रॅनाइटचा खांब आणि त्यावर १९१४ ते १९१९ या मथळ्याखाली नावे. मी मोजू लागले. एकाच आडनावाची तीन नावे एकाखाली एक होती, मग आणखी एका आडनावाची दोन. अक्षरांच्या खाचांत बर्फ भरले होते, त्यामुळे ती खडूने लिहिल्यासारखी पांढरी दिसत होती. बाजूला बसलेल्या माझ्या मुलीने नातवाची टोपी खाली ओढून त्याचे कान झाकले, आणि मला एकदम त्या अकरा हजार आठशे आठांतल्या कितीतरी मतांचा आवाज ऐकू आला. ज्या बाईने या खांबावर आपले दोन मुलगे लिहून दिले आहेत आणि जिचा तिसरा आता वीस वर्षांचा आहे, तिला चेंबरलेन कागद फडकावून सांगतो की युद्ध टळले. मग एक डचेस येऊन सांगते की टळलेले नाही. ती कुणाला मत देईल? मी तिच्या जागी असते तर त्या बर्फातून स्नॅडनसाठी चालत गेले असते, असे मला वाटते. हे लिहिताना लाज वाटते, तरी तसेच वाटते.

आणि डचेसबाई काही या खांबापासून दूर नव्हत्या. त्यांचा धाकटा दीर जॉर्ज ब्लॅक वॉचमध्ये होता. युद्ध सुरू होऊन दीड महिना होत नाही तोच १९१४च्या सप्टेंबरात तो फ्रान्समध्ये मारला गेला. नवऱ्याने गॅलिपोलीत तुकडी नेली होती. एडिंबराच्या किल्ल्यावर १९२७ साली उघडलेले स्कॉटलंडचे राष्ट्रीय युद्धस्मारक ज्यांच्या खटपटीने उभे राहिले त्यांत त्यांचे यजमान, अथोलचे ड्यूक, पुढे होते. म्हणजे मेलेल्यांची नावे दगडात कोरण्याचे काम ज्या घरात चालले, त्याच घरातली बाई गावोगाव जाऊन सांगत होती की आता मागे हटलो तर आणखी नावे कोरावी लागतील. ती ऐकणाऱ्यांना अशुभ वाटली असेल, तर नवल नाही. आपल्याकडेही शुभकार्यात कुणी खरे बोलले की म्हातारी माणसे “बोलू नये असे” म्हणून हळूच लाकडाला हात लावतात.

इथवर आले तेव्हा या बाईंविषयी मला जवळीक वाटू लागली होती. आणि मग १९३५ साल आले.

त्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी पहिल्यांदा पक्षाचा व्हिप सोडला होता, त्याचे एक मोठे कारण हिंदुस्थान होते. प्रांतांना निवडून आलेली मंत्रिमंडळे देणारा जो कायदा तेव्हा पार्लमेंटात चालला होता, तो त्यांना फार पुढे गेलेला वाटत होता. हिंदी लोक, विशेषतः हिंदी स्त्रिया, अजून त्याला तयार नाहीत, आणि सत्ता वरच्या मूठभरांच्या हाती जाईल, असे त्यांचे मत. त्या बाबतीतही त्या चर्चिलच्याच बाजूला होत्या. मी ते वाचून पुस्तक मिटून ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच कणीक मळायला घेतली. कारण त्या कायद्याने झालेल्या पहिल्या निवडणुकीत, १९३७ सालच्या आरंभी, आमच्या आजीने सातारा जिल्ह्यातल्या तिच्या गावी मत दिले होते. त्या कायद्याने सगळ्यांना मत मिळाले असे मुळीच नाही. मालमत्ता, शिक्षण असल्या अटींतून देशभरात सुमारे तीन कोटी माणसे आत आली. आजी त्यांत आली, कारण ती व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झाली होती आणि मुलींच्या शाळेत शिकवत होती.

आजी ही गोष्ट दर निवडणुकीला सांगत असे, त्यामुळे मला ती तोंडपाठ आहे. सकाळी न्हाऊन तिने ठेवणीतले नऊवारी नेसले. छकड्यात शेजारच्या दोन बायका घेतल्या, त्या नुसत्या बघायला आल्या होत्या, त्यांना मत नव्हते. आजोबांनी कुणाला मत द्यायचे ते आदल्या रात्री सांगून ठेवले होते, आणि सकाळी पुन्हा एकदा. आत गेल्यावर तिला पहिल्यांदा जाणवले की मागे कुणी उभे नाही. “मी माझ्या मनाने दिले,” एवढेच ती म्हणायची. कुणाला, ते तिने आजोबांना सांगितले नाही, बाबांना नाही आणि आम्हालाही नाही. आम्ही नातवंडे हट्ट धरायचो, नावे घेऊन तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करायचो. ती पदराला हात पुसत उठून जायची. ज्या बाई स्पेनमधल्या अनोळखी मुलांसाठी स्वतःची खुर्ची सोडतात, त्यांनाच माझ्या आजीच्या हातात मतपत्रिका धोक्याची वाटली होती. या दोन गोष्टी मी एकाच वहीत डाव्या-उजव्या बाजूला मांडून पाहिल्या, आणि बाकी काढायचा प्रयत्न सोडून दिला. चर्चिलच्या बाबतीत हा घोळ आपल्या सगळ्यांना पाठ झालेला आहे. तिथे रागही तयार असतो. डचेसबाईंवर मला धड रागावताही येत नाही, याचेच मला जास्त वाईट वाटते.

निकालानंतरचे फार लांबवत नाही. बाई पार्लमेंटात परत कधी गेल्या नाहीत. निर्वासितांचे काम मात्र चालू ठेवले, आणि युद्ध संपताना रशियाने पूर्व युरोप गिळायला घेतला तेव्हा त्याविरुद्धही पहिल्या काही आवाजांत त्यांचा आवाज होता. लाल म्हणणाऱ्यांनी तेव्हा काय केले असेल कोण जाणे. १९६० साली वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्या गेल्या. स्नॅडन १९५५ पर्यंत खासदार राहिले, नंतर त्यांच्या जागी आलेले गृहस्थ १९६३ साली वारले, आणि त्या पोटनिवडणुकीत इथून कोण निवडून आले, तर उमरावकी सोडून नुकतेच पंतप्रधान झालेले अॅलेक डग्लस-होम. हेच गृहस्थ १९३८ साली लॉर्ड डनग्लास या नावाने चेंबरलेनचे संसदीय खासगी सचिव होते आणि त्यांच्याबरोबर म्युनिकला गेले होते. ज्या मतदारसंघाने म्युनिकला विरोध करणारीला घरी बसवले, त्यानेच पंचवीस वर्षांनी म्युनिकच्या विमानातला माणूस निवडून दिला. पंचवीस वर्षांत लोक बहुधा दोन्ही विसरले असणार.

एक तारीख मात्र त्या भागातली माणसे विसरत नाहीत, ती म्हणजे १२ जून १९४०. फ्रान्सच्या किनाऱ्यावर सेंट व्हॅलेरी या गावी एकावन्नावी हायलँड डिव्हिजन जर्मनांच्या हाती सापडली. त्यांत ब्लॅक वॉचच्या पलटणी होत्या. दहा हजारांवर माणसे कैद झाली आणि बरीचशी पाच वर्षे छावण्यांत राहिली. त्या पोटनिवडणुकीनंतर दीड वर्षही झाले नव्हते. त्या खेड्यातल्या ग्रॅनाइटच्या खांबावर खाली दुसऱ्या मथळ्याची जागा आहे, तिथली नावे वरच्यापेक्षा कमी आहेत, आणि त्यांतले एक आडनाव वरच्या तिघांचेच आहे.

निघायच्या आदल्या दिवशी सामान भरताना मी ते लाल पुस्तक पुन्हा काढले. जावई म्हणाला, “रबराने पुसून टाकू का? प्रत स्वच्छ दिसेल.” मी नको म्हटले. तो गेल्यावर मी खिडकीशी जाऊन पान उजेडात तिरके धरले आणि उलटून मागच्या बाजूने बोट फिरवले. लेजरात जुन्या नोंदी तपासताना आम्ही असे करायचो. शाई उडालेली असली तरी दाब राहतो. दोन्ही एक हलके आहेत, बोटाला लागतही नाहीत. दोन्ही तीन मात्र मागून उठून आले आहेत, आणि खालच्या दोन रेघांपैकी दुसरी इतक्या जोराने ओढलेली आहे की तिच्या टोकाला कागद किंचित फाटला आहे. लिहिणारा बर्फातून घरी आला असेल, बोटे गारठलेली असतील. किंवा रेडिओवर निकाल ऐकता ऐकता शेजारी पडलेले हेच पुस्तक त्याने ओढून घेतले असेल. पण जिंकलेल्यांच्या घरात हे पुस्तक कशाला असेल? असेलही, शत्रूचे काय म्हणणे आहे ते बघायला. मी डोळे मिटून आणखी एकदा बोट फिरवले. आजीचा चेहरा वाचायचा प्रयत्न करताना व्हायचे तसेच झाले. काही कळले नाही. मग स्वेटरच्या घडीत पुस्तक घालून मी बॅगेची चेन ओढली.